गाडीच्या पोटातली काजळी

लग्नात पंगतीला बसलो की माझ्या पानात जिलबी पडायच्या आधी शेजाऱ्याचा प्रश्न पडतो. आणि प्रश्न ठरलेला. "दत्तूभाऊ, मोटारसायकल कधीमधी जोरात पळवावी म्हणतात, इंजिनाला बरं असतं. खरं का हो?" डॉक्टरला कोणी पंगतीत जीभ काढून दाखवत नाही, पण फिटरला कुठंही, कधीही गाठायला सगळे मोकळे. एकदा तर कोणाच्या तरी दहाव्याला गोदाघाटावर उभा होतो. कावळा काही केल्या पिंडाला शिवेना, सगळे माना वर करून बसलेले, आणि मागून एकजण माझ्या कानाशी आला, "थर्डमध्ये गुरगुरते हो गाडी. काय असेल?" मी म्हटलं, "आधी कावळ्याचं होऊ दे बाबा, मग तुझं बघू."

नाशिकरोडहून एकलहऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज. आता ते पुतण्या चालवतो आणि मी खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढतो. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असं सांगणं आलं, तेव्हा म्हटलं, या एका प्रश्नाचं उत्तर एकदाचं कागदावर उतरवावं. म्हणजे पुढच्या लग्नसराईत निवांत जेवता येईल.

तर उत्तर असं की, हो. पण या 'पण'मध्येच सगळा धंदा आहे.

इंजिनाच्या पोटात पेट्रोल जळतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते नेहमी नीट जळतंच असं नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. ओली लाकडं घातलेली चूल कशी धुमसते, तसं थंड आणि रेंगाळत चालणारं इंजिन आतल्या आत धुमसतं. मग पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हवर, प्लगच्या टोकाला, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते. गाडी चांगली तापल्यावर मोकळ्या रस्त्याला थोडा वेळ दमदार पळवली, तर यातली बरीच काजळी जळून, सुटून बाहेर पडते. गाडी हलकी होते. हे झालं 'हो'.

आता 'पण'. थंड गाडीची मूठ पिळायची नाही. ऑइल कमी असेल तर पिळायची नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर पिळून त्या परत येत नाहीत, असलेलंही जातं. आणि थोडा वेळ म्हणजे थोडाच वेळ. उपनगरचा एक पठ्ठ्या रोज सकाळी पहिल्या किकला मूठ पूर्ण पिळायचा, का तर समोरच्या इमारतीत कळावं की साहेब निघाले. थंडीत ऑइल अजून खालीच झोपलेलं, आणि वर पिस्टन कोरडा नाचतोय. शेवटी जाम झाला. पठ्ठ्या गाडी ढकलत माझ्याकडे आला तेव्हा समोरच्या इमारतीतलीच कोणीतरी मागून धक्का देत होती. पुढं त्यांचं लग्नही झालं म्हणे, पण ते श्रेय इंजिनाचं नाही.

याच्या उलट पंचवटीतले एक गुरुजी. त्यांची गाडी घर, भाजीबाजार आणि घाट यापलीकडे गेलेलीच नाही. गल्ल्या अशा की दुसरा गिअर टाकायला जागा मिळत नाही. एकदा ऑइलचं झाकण उघडलं, तर आत लोण्यासारखा पांढरा फेस. गुरुजी घाबरून म्हणाले, "अहो, कोणी ताक बीक ओतलं का?" मी म्हटलं, इंजिन कधी पुरतं तापतच नाही, आतली वाफ आतच राहते आणि ऑइलमध्ये घुसळली जाते. आठ दिवसांतून एकदा हायवेनं ओझरपर्यंत फिरवून आणत जा. गुरुजींनी लगेच विचारलं, "वार कोणता धरू?"

अशी माणसं. पण या प्रश्नापायी मी खरा घाम गाळला तो अण्णांच्या गाडीसाठी.

अण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अंगातून कामाची पाळी गेली नव्हती. जेवण, झोप, चहा, सगळं भोंगा वाजल्यासारखं. त्यांची मोटारसायकल शंभर सीसीची, जुनी, आणि आरशासारखी पुसलेली. ती घेतल्या दिवसापासून पस्तीसच्या वर कधी गेली नाही. टॉप गिअर टाकायचा आणि पस्तीसवर धरायची. चढ आला तरी गिअर उतरवायचा नाही. इंजिन बिचारं गुडघ्यावर हात टेकत चढ चढायचं. ताज्या दमाचे सायकलवाले त्यांना ओलांडून जायचे आणि जाताना "रामराम अण्णा" म्हणायचे. मी काही बोललो की अण्णा म्हणायचे, "दत्तू, गाडी प्रेमानं वापरायची असती." या प्रेमानं किती इंजिनं मेलेली मी पाहिलीत, ते मलाच ठाऊक.

दर सोमवारी अण्णा आणि त्यांची बायको, त्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, या गाडीवरून त्र्यंबकेश्वरला जायचे. देवाला तर जायचेच, पण माईंची ओढ वेगळी होती. त्यांची धाकटी बहीण शेवंता त्र्यंबकला देवळाच्या वाटेवर फुला-बेलाचं दुकान लावते. शेवंताबाईंना मागं-पुढं कोणी नाही, आणि दुकान सोडून नाशिकला येणं जमत नाही. सोमवारी माई जायच्या, दुकानात तिच्या शेजारी बसून बेल निवडायच्या, आणि दोघी बहिणी आठवडाभराचं बोलून घ्यायच्या. माईंचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी चढवत नाही, जीपमध्ये कोंबून बसवत नाही. गाडीवर मात्र ओट्यावरून अलगद बसता येतं. म्हणजे गाडी आहे तोवर बहीण आहे, असा साधा हिशोब.

आणि ती गाडी बंद पडायला लागली. आधी कधीतरी, मग सारखी. एका सोमवारी नाशिकच्या द्वारका चौकात, ऐन मधोमध, माई मागं बसलेल्या असताना गाडीनं मान टाकली. मागून येणाऱ्या ट्रकनं ब्रेक मारला तो अगदी त्यांच्या पाठीशी. ड्रायव्हरनं शिव्या घातल्या, पोलिसानं शिट्ट्या घातल्या, अण्णांनी किका घातल्या. माई गुडघे धरून रस्त्याच्या कडेला.

त्यांची मुलगी मनीषा बँकेत नोकरीला, राहायला जवळच. तिला हे कळलं आणि तिनं त्याच दिवशी ठरवलं. गाडी विकायची. जुन्या गाड्या घेणाऱ्या एकाला फोनही करून टाकला.

अण्णा गाडी ढकलत माझ्याकडे आले. एरवी ताठ चालणारा माणूस, पण त्या दिवशी उन्हानं कोमेजल्यासारखा दिसला.

"दत्तू, हिला जिवंत कर. पोरगी विकाया निघालीय."

"मनीषाताई नेतील की कारमधून," मी म्हटलं.

"सुट्टी असंल तवा नेईन म्हणती. बँकंची सुट्टी सोमवारी कधी असती का रे? आन् रविवारी शेवंताच्या दुकानात सुट्टीवाल्यांची सोमवारपेक्षा जास्त गर्दी. बोलायला तरी मिळल का दोघींना?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "माई काय बोलत नाय. पण काल बसून नुसताच शेवंताला न्यायचा रिकामा डबा पुसत होती. मला नाय बघवलं."

मलाही ऐकवलं नाही. लगेच गाडी घेतली. प्लग काढला तर कोळशाचा तुकडा. कार्बोरेटर साफ केला, एअर फिल्टर बदलला, टॅपेट लावले. गाडी चालू झाली, पण मूठ दिली की घशात काहीतरी अडकल्यासारखी खोकायची. मी अण्णांना बसवलं आणि सांगितलं, "आता आतली काजळी उरली. चांगली तापू द्या, मग मोकळ्या रस्त्याला थर्डमध्ये टाका आणि पिळा. आठवड्यातून एकदा तरी."

"पिळायची? इंजिन फुटंल की!"

तेव्हा मला त्यांच्याच नोकरीची आठवण झाली. विचारलं, "अण्णा, तुमचा बॉयलर कमी लोडवर चालवला तर काय व्हायचं?"

"नळ्यांवर राख धरायची."

"मग?"

"मग वाफंचा झोत मारायचा. सगळी झाडून काढायची." बोलता बोलता अण्णांचे डोळे चमकले. "आयला! म्हणजे हिला झोत मारायचाय!"

"तेच म्हणतोय मी."

अण्णा खुशीत गेले. मीही खुशीत. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण गिऱ्हाईक पटकन 'कळलं' म्हणालं की सावध व्हायचं, हे मला अजून जमलेलं नाही.

चार-पाच दिवसांनी टेम्पोतून गाडी आली. मागोमाग स्कूटरवर मनीषा. सायलेन्सरचा नळा अति तापून मोरपिशी निळा झालेला, ऑइल डांबरासारखं. मी कपाळावर हात मारून घेतला.

झालं होतं असं. बॉयलरला झोत मारतात तेव्हा बॉयलर काही गावभर फिरत नाही, तो जागेवरच असतो. म्हणून अण्णांनी गाडी अंगणात डबल स्टँडवर उभी केली. रोज पहाटे, पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला, चोक ओढून, थंड गाडीची मूठ पूर्ण पिळायची आणि धरून ठेवायची. पहिल्या दिवशी गल्लीला वाटलं, विमान पडतंय. दुसऱ्या दिवशी शेजारणीची वाळत घातलेली पांढरी चादर ठिपक्यांची झाली. तिसऱ्या दिवशी गल्लीनं मनीषाला फोन केला.

"अण्णा, रस्त्यावर म्हटलं होतं ना मी!"

"रस्त्यावर गाड्या असत्यात रे. अंगणात काय धोका हाय?"

आता यांना काय सांगावं! बॉयलरला गारवा द्यायला वेगळी सोय असते. मोटारसायकलच्या इंजिनाला वारा हाच गारवा, आणि उभ्या गाडीला वारा कुठून लागणार? शिवाय चाकावर ओझं नसताना इंजिन नुसतं बोंबलतं. काजळी जळायची राहते बाजूला, चोक ओढल्यानं पेट्रोल जास्त जातं आणि काजळीत उलट भर पडते. मी हे सगळं सांगितलं. अण्णा खाली मान घालून नळ्याच्या निळ्या रंगाकडे बघत राहिले.

मनीषा चिडलेली होती, पण ती मला वाईट वाटली नाही. ती म्हणाली, "काका, तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी कजाग आहे. त्या दिवशी ट्रक थांबला. नसता थांबला तर?"

मी पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "तुझं बरोबर आहे. मी ऑइल, प्लग बदलून देतो. येत्या सोमवारी त्यांना त्र्यंबकला जाऊ दे. तू आणि मी मागं राहू. वाटेत एकदा जरी बंद पडली, तर त्या जुन्या गाड्या घेणाऱ्याला मी स्वतः घेऊन येईन तुझ्याकडे."

तिनं त्या निळ्या नळ्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "एकदा जरी म्हणजे एकदाच. मी अर्धा दिवस रजा टाकते."

सोमवार उजाडला. मी उभा जन्म गिअरच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि त्या दिवशी बिनगिअरच्या स्कूटरवर, मनीषाच्या मागं, हेल्मेट घालून बसलो. गॅरेजवरून गेलो तेव्हा पुतण्यानं मुद्दाम शिट्टी वाजवली. पुढं अण्णा, मागं एका बाजूला पाय सोडून माई. डोक्यावर हेल्मेट, मांडीवर बहिणीसाठी डबा. निघताना माई मला हळूच म्हणाल्या, "दत्तू, देवाला सांगितलंय मी. पण तूबी जरा बघ."

मी हेल्मेटचा पट्टा आणखी आवळला.

द्वारकेला सिग्नलनंतर गाडीनं भकभक केलं. मनीषाची पाठ ताठ झाली. पण चालली. अण्णांनी नेमानं पस्तीस धरली. मागून रिक्षा, बस, सगळे भोंगे वाजवतायत, हे आपले वरातीतल्या घोड्यासारखे. सातपूर गेलं, कारखाने संपले, रस्ता मोकळा झाला. इथंच पिळायचं ठरलं होतं. अण्णा काही पिळेनात. मनीषानं हॉर्न दिला. मी हात हलवले. अण्णांनी वळून पाहिलं आणि त्यांनीही प्रेमानं हात हलवला.

अंजनेरीचा डोंगर दिसायला लागला आणि चढ सुरू झाला. टॉप गिअर, पस्तीसची तीस, तीसची पंचवीस. इंजिन खोकायला लागलं. मला त्या आवाजावरून कळत होतं, आता फार तर पलीकडच्या वळणापर्यंत. मनीषालाही कळलं असावं, कारण तिनं स्कूटर त्यांच्या बाजूला घेतली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. पण विकायला निघालेली मुलगीच पहिल्यांदा ओरडली, "अण्णा, गिअर उतरवा! पिळा!"

"अण्णा, पिळा आता!" मी.

"मागं माई हाय ना!" अण्णा समोर बघतच ओरडले. "ती घाबरंल!"

माईंनी डबा पोटाशी घट्ट धरला, पदर खोचला आणि मोकळ्या हातानं अण्णांच्या पाठीत असा धपाटा घातला की आम्हाला स्कूटरवर ऐकू आला. "अहो, पिळा म्हणतायत ना सगळी! मग पिळा की!"

अण्णांनी गिअर उतरवला. आणि पिळली.

आधी गाडी एकदम दबली. मला वाटलं, गेली. मग सायलेन्सरमधून भस्सकन काळा ढग निघाला तो सरळ आमच्या तोंडावर. काजळीचे कपटे, धूर, काही दिसेना. मनीषा खोकतेय, मी डोळे चोळतोय. धूर विरला तेव्हा समोर रस्ता रिकामा. दूर वळणावर माईंचा हिरवा पदर तेवढा दिसला, आणि आवाज ऐकू आला. काय सांगू तुम्हाला! स्वच्छ, एकसारखा, खणखणीत आवाज. या कानांनी हजारो इंजिनं ऐकली असतील, पण त्या दिवशी अंगावर काटा आला. आता विजेवरच्या गाड्या आल्या, बऱ्याच आहेत, धूर नाही काजळी नाही. पण त्यांना आवाजच नाही हो. कान लावून काय दुखतंय ते ओळखायचं, हे आमचं काम संपत आलं, याची मला हळहळ वाटते. ती वाटणारच.

मनीषानं स्कूटर पळवायचा प्रयत्न केला. माझ्या वजनाला तिचा काही इलाज नव्हता.

त्र्यंबकला पोचलो तर शेवंताबाईंच्या दुकानासमोर गाडी उभी, इंजिन सुरूच. बंद करायची अण्णांची छाती होत नव्हती. मी खुणेनं सांगितलं, करा. त्यांनी बंद केली, थोडं थांबले आणि किक मारली. पहिल्या किकला चालू. परत बंद, परत चालू. दोघी बहिणी बेलाच्या टोपलीशी बसून आमच्याकडे बघत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हेल्मेटखालचे केस तेवढे सोडून बाकी आम्ही दोघं कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे.

माईंनी हेल्मेट काढलं होतं, अंबाडा सुटला होता, गाल लाल झाले होते. मी विचारलं, "माई, घाबरलात का?"

"घाबरते कशाची! किती वेगात आलो रे?"

"साठ असेल."

माई अण्णांकडे वळल्या. "म्हंजे ही गाडी साठनं पळती? मला आजवर वाटायचं, हिच्यात तेवढाच दम हाय, पस्तीसचा. म्हणून मी बोलायचे नाय. म्हटलं, गरीब गाडी, कशाला तिला अन् ह्यांना टोचून बोला."

अण्णा तोंड उघडं ठेवून बघत राहिले. "अगं, तू घाबरशील म्हणून तर मी पिळत नव्हतो! नव्या गाडीवर पहिल्यांदा बसलीस तवा डोळं मिटून घेतलं होतंस."

"वारं लागत होतं डोळ्याला!"

शेवंताबाई हसता हसता टोपलीवर आडव्या झाल्या. एक माणूस जन्मभर बायकोसाठी सावकाश चालवतो, आणि बायको जन्मभर त्याच्यासाठी गप्प बसते. मधल्या मध्ये त्या इंजिनाच्या पोटात काजळी. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. धुरानं आलं असं मी सांगितलं.

मनीषा थोडी बाजूला गेली. फोनवर बोलताना ऐकू आली, "नाही, आता विकायची नाही. हो, नक्की." परत येऊन तिनं आईच्या शेजारी बसकण मारली आणि तीही बेल निवडायला लागली. तिचे काळे हात बघून शेवंताबाईंनी तिला आधी नळावर पिटाळलं.

दुपारी निघायची वेळ झाली. माई दुकानाच्या फळीवरून गाडीवर बसल्या. मनीषानं त्यांच्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला, आणि तिचा जीव तो, राहवतं कुठं. म्हणाली, "आई, सावकाश या हं. मी मागंच राहते, तुमच्या मागोमाग."

माईंनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मागं कशाला राहतीस, परत काळी व्हशील. तू हो पुढं. आम्ही गाठतो तुला."